१४३ वरून ११ वर: प्लगिन-छाटणीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत एक आकडा लिहायचं टाळलं होतं, तो आता सांगून टाकते. माझ्या लॅपटॉपवर १४३ इफेक्ट प्लगिन (रेकॉर्ड केलेल्या आवाजावर काम करणारी, सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधनं) होते. विकत घेतलेले चार, बाकी सगळे फुकट. आणि गेल्या सहा महिन्यांत पूर्ण झालेली गाणी: दोन. काही नवं फुकट मिळतंय म्हटलं की उतरवून घ्यायचं, तासभर नॉब फिरवायचे, ‘वा, काय ऊब आहे’ म्हणायचं आणि झोपायचं. पोस्टाची तिकिटं जमवणारे निदान ती नीट अल्बममध्ये लावून ठेवतात.

या खेपेला क्रम उलटा केला. आधी ट्रॅक ऐकायचा, त्याचं दुखणं कागदावर लिहायचं आणि त्या दुखण्यापुरताच प्लगिन शोधायचा. गाणं साधं आहे: एक आवाज, एक अकूस्टिक गिटार, शेवटच्या कडव्यामागे थोडा पॅड (मागे लांबत राहणारा सूर). कागदावर आलं ते असं: ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात, ओळीच्या शेवटी आवाज बुडतो, गिटार खोक्यात ठेवल्यासारखी घुमते, सगळंच कोरडं वाटतं. बस. चार दुखण्यांना १४३ औषधं.

पहिलं टोचण्याचं घेतलं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. साध्या डी-एसरला (टोचणारे ‘स’-‘श’ दाबणारा प्लगिन) एकच पट्टा असतो, म्हणजे तो आवाजाच्या एकाच भागावर काम करतो. तो ७ किलोहर्ट्झवर लावला की ‘स’ ताब्यात यायचा, पण ‘श’ तसाच फिस्कारत राहायचा. थ्रेशोल्ड (ज्या पातळीवर दाबणं सुरू होतं ती) आणखी खाली ओढला तर ‘स’चा ‘थ’ व्हायला लागला, म्हणजे बोबडं गाणं. शेवटी व्होक्सेंगोचा स्पॅन लावला (फुकटचा स्पेक्ट्रम दाखवणारा, तो कुणाकडे नसेल तर आधी घ्या) आणि एकेक अक्षर लूपवर फिरवलं. माझा ‘स’ ७ किलोहर्ट्झच्या आसपास डोकं वर काढतो, ‘श’ मात्र ३.५ ते ४ च्या दरम्यानच. आपल्याकडे ‘च’सुद्धा दोन. ‘चांदणं’मधला दंत्य ‘च’ हा ‘स’च्या घराण्यातला, ‘चंद्र’मधला तालव्य ‘च’ हा ‘श’च्या. माझ्या दुर्दैवाने दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत.

इथे टीडीआर नोव्हा कामाला आला. हा टोकियो डॉनचा फुकटचा डायनॅमिक ईक्यू, म्हणजे आवाज उसळला की त्याचा ठरावीक भागच खाली करणारा. चार पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा थ्रेशोल्ड, रेशो (किती दाबायचं), अटॅक (किती लवकर पकडायचं), रिलीज (किती लवकर सोडायचं). एक पट्टा ७.२ वर, दुसरा ३.८ वर आणि बराच अरुंद, कारण शब्द कळतात ते याच भागामुळे. तिथे रुंद कापलं की गायिका उशीत तोंड खुपसून गातेय असं वाटतं. दोन्हीकडे जास्तीत जास्त ३-४ डेसिबलची कपात. डी-एसर म्हणून उतरवलेले नऊ प्लगिन त्या रात्री बाजूला काढले. पण एक कबुली द्यायला हवी. नंतर तीच ओळ माइक तोंडासमोरून जरासा तिरका करून पुन्हा गायले, तर निम्मं टोचणं प्लगिनविनाच गेलं.

दुसरं दुखणं आवाज बुडण्याचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारा). माझा खरा गोतावळा इथेच होता: ३१ कॉम्प्रेसर. आधी कानावरचा विश्वास तपासला. थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, खर्ज भरलेला आणि वरचा भाग उजळ, म्हणून बायपास (प्लगिन तात्पुरता वगळायचं बटण) चालू-बंद करून केलेली तुलना बहुतेक वेळा फसवी असते. यूलीन लाउडनेस मीटरची फुकट आवृत्ती मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) लावली आणि प्रत्येक कॉम्प्रेसरचं आउटपुट अख्ख्या कडव्यासाठी -२० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून ठेवलं. पहिला धक्का इथेच बसला. माझा लाडका फुकट कॉम्प्रेसर (नाव राहू दे) सगळे नॉब शून्यावर असतानासुद्धा आवाज १.४ डेसिबलने वाढवत होता. दोन वर्षं मी ज्याला ‘ऊब’ म्हणत होते ती एवढीच.

मग चार उमेदवार ठेवले: रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला रीआकॉम्प, टीडीआर कोटेलनिकोव्ह, अ‍ॅनालॉग ऑब्सेशनचा लाला, आणि मागे सेलमध्ये घेतलेला एक विकतचा. चारही रेंडर (इफेक्ट लावून काढलेल्या तयार फाइली) धाकट्या भावाच्या हवाली केले. त्याने फाइलींना आकडे दिले आणि कुठला आकडा कुणाचा ते स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवलं. मी दोन दिवस, सकाळी, हेडफोनवर, ऐकून क्रम लावला. त्याने मध्येच एक फाइल दोनदा ठेवायचा वात्रटपणा केला, आणि त्या दोन जुळ्यांना मी वेगवेगळे क्रमांक दिले! तेव्हा निकालाला किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

तरीही निकाल सांगते. पहिल्या दिवशी अव्वल रीआकॉम्प, दुसऱ्या दिवशी लाला. विकतचा दोन्ही दिवशी तिसरा. कोटेलनिकोव्ह आवाजावर शेवटचा आला, पण तो दोष माझा. त्याचा पीकसाठी (क्षणिक उसळी) आणि आरएमएससाठी (सरासरी पातळी) वेगळा रिलीज अख्ख्या मिक्सला हळुवार आवळायला उत्तम. एकट्या गळ्यावर मी त्याला उगाच राबवत होते. आता तो मिक्स बसवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्रित वाटेवर) बसलाय आणि दीड डेसिबलच्या वर हलत नाही.

लाला ओळीचं शेपूट इतकं छान का धरतो याचं कारण तो ज्याची नक्कल करतो त्या एलए-२ए या जुन्या यंत्रात आहे. त्यात एक छोटा दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रोधक समोरासमोर बसवलेले असतात. आवाज वाढला की दिवा उजळतो आणि गेन (आवाजाची वाढ) उतरतो. सोडताना निम्मी पकड साधारण ६० मिलिसेकंदांत सुटते, उरलेली मात्र रेंगाळत, काही सेकंदांत. म्हणून श्वास फार उसळून येत नाही आणि शब्दाची शेपटी आपोआप वर राहते. चालवायचे मुख्य नॉब दोनच, त्यामुळे चुकायलाही फारशी जागा नाही. (याच्या उलट ११७६ या दुसऱ्या जुन्या कॉम्प्रेसरच्या नकला. त्यांचा अटॅकचा नॉब ७ वर सगळ्यात जलद आणि १ वर सगळ्यात संथ. मी वर्षभर उलटा फिरवत होते.)

शेवटी दोघांनाही ठेवलं. पुढे रीआकॉम्प, अचानक उसळणारे शब्द पटकन दाबायला. त्याच्या डिटेक्टरला (आवाजाची पातळी मोजणारा भाग) हाय-पास (खालचे सूर अडवणारी गाळणी) लावता येतो, त्यामुळे ‘प’ आणि ‘भ’च्या फुंकरीने तो दचकत नाही. मागे लाला, निवांत. रीपर न वापरणाऱ्यांसाठी: रीआकॉम्प, रीआईक्यू वगैरे मंडळी रीआप्लग्ज नावाने विंडोजवर वेगळी आणि फुकट मिळतात. दिसायला सरकारी फॉर्मसारखी आहेत, पण काम चोख. रूपाचंच निघालं म्हणून सांगते, एअरविंडोजच्या प्लगिनना तर चेहराच नाही, नुसते स्लायडर. सोनेरी मीटर आणि लाकडी कडा दिसल्या नाहीत की कान किती पटकन जागे होतात ते एकदा करून बघा.

गिटारचं घुमणं रीआईक्यूने दोन मिनिटांत गेलं, २०० हर्ट्झजवळ ४ डेसिबल कमी. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

रिव्हर्बवर (खोलीतल्या घुमण्याची नक्कल) मात्र भरपूर चुकले. व्हॅल्हाला सुपरमॅसिव्ह २०२० पासून फुकट आहे आणि सगळ्यांकडे असतो, म्हणून मी त्यातूनच छोटी खोली काढायचा हट्ट धरला होता. तो त्याचा पिंडच नाही. त्याच्या मोडची नावं जेमिनाय, हायड्रा, अँड्रोमेडा अशी आकाशातली आहेत, आणि आवाजही तिकडेच जातो. आता तो फक्त शेवटच्या कडव्यातल्या पॅडवर, आणि तिथे त्याला तोड नाही. गळ्यासाठी ड्रॅगनफ्लायचा रूम घेतला, मुक्त-स्रोत आहे. सेंडवर (गळ्याची प्रत रिव्हर्बकडे नेणारी वाट) रिव्हर्बच्या आधी ईक्यू ठेवून ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापलं. ही अ‍ॅबी रोड स्टुडिओची जुनी युक्ती. चिखल गेला, आणि वर ‘स’ची शिट्टी रिव्हर्बमधून परत येते ती पण गेली. हे आधी केलं असतं तर चार रिव्हर्ब कमी उतरवले असते.

मधे एक संध्याकाळ फुकट गेली तीही नोंदवते. प्रत्येक टेकमध्ये मी तालाच्या मागे पडत होते. गळा, मूड, मेट्रोनोम सगळ्यांना दोष देऊन झाला. बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे एका दिशेने जेमतेम २.७ मिलिसेकंद, तिथे काही गडबड नव्हती. गडबड होती मास्टरवर विसरलेल्या लिनियर-फेज ईक्यूत. असा ईक्यू काम करण्याआधी बराच आवाज साठवून घेतो. प्लेबॅकला सगळेच ट्रॅक सारखेच उशिरा येतात, म्हणून काही कळत नाही, पण गाताना हेडफोनमध्ये येणारा स्वतःचा आवाज उशिराच पोचणार. प्लगिन निवडताना त्याची लेटन्सी (तो लावत असलेला उशीर) किती हेही आता बघते. रीपरच्या एफएक्स खिडकीत तळाशी सॅम्पलमध्ये आकडा दिसतो, इतकी वर्षं तिथे नजरच गेली नव्हती.

छाटणीत आणखी एक कसोटी लावली: पाच वर्षांनी हे गाणं उघडलं तर हा प्लगिन असेल का? ही कसोटी ठेच लागल्यावर सुचली. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना या आवृत्तीने जुने ३२-बिट प्रोग्राम सगळेच बंद केले, तेव्हा माझ्या एका जुन्या गाण्यातला अख्खा गळा उघडा पडला. त्यावरचा फुकट डी-एसर ३२-बिटच होता आणि पुढे कधी सुधारलाच गेला नाही. आता ६४-बिट आणि व्हीएसटी३ किंवा एयू (प्लगिनचे दोन प्रकार) असेल तरच घेते. आणि गाणं झालं की प्रत्येक ट्रॅकचे दोन रेंडर, एक इफेक्टसकट, एक कोरडा.

पैसे कशावर घालायचे? सहा महिन्यांत मी एकच प्लगिन घेतला, व्हॅल्हालाचा रूम. त्यांच्याकडे सेलचा खेळ नाही, त्यामुळे ‘आज रात्रीपर्यंतच’ अशी घाई मागे लागली नाही. डेमो तीन आठवडे वापरला, ड्रॅगनफ्लायशी तसाच आंधळा सामना लावला आणि दोनदा जिंकला तेव्हा घेतला. या गाण्यात मात्र ड्रॅगनफ्लायच राहिला, कारण गळ्याच्या मिक्सवर माझं काम तोवर झालं होतं. पुढे घेतलाच तर एखादा चांगला सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडून भरीव करणारा). पण क्लांगहेल्मचा फुकट इव्गी अजून पुरतोय, त्यामुळे तेही लांबलं.

तर आत्ता उरलेत अकरा: नोव्हा, रीआईक्यू, रीआकॉम्प, लाला, कोटेलनिकोव्ह, इव्गी, ड्रॅगनफ्लाय रूम, व्हॅल्हाला रूम, सुपरमॅसिव्ह, स्पॅन आणि यूलीन. बाकीचे एका बाजूच्या फोल्डरमध्ये हलवलेत, पुसलेले नाहीत. विकतचा तो तिसऱ्या नंबरचा कॉम्प्रेसरही तिथेच. पैसे दिलेत, पुसवत नाही.

गाण्याचा मिक्स चौथ्या आवृत्तीवर आहे. दुसऱ्या कडव्यात गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा चीत्कार अजून येतो. त्यावर प्लगिन शोधायला बसणार होते, पण तालाच्या तेवढ्या दोन मापांची गिटार रविवारी पुन्हा वाजवते.