खुर्ची मोडते तेव्हा कोण हसतं

मंगळवार, रात्री

आज 'शॅलो हॅल' पुन्हा लावला. २००१ चा, फॅरेली बंधूंचा. बायकांच्या रूपापलीकडे काहीच न दिसणारा हॅल (जॅक ब्लॅक) लिफ्टमध्ये अडकतो. सोबत अडकलेले असतात अमेरिकेतले प्रेरक व्याख्याते टोनी रॉबिन्स, खरेखुरे, स्वतःच्याच भूमिकेत. ते त्याला संमोहित करतात आणि तिथून पुढे हॅलला माणसाचं आतलं रूपच बाहेर दिसायला लागतं. मग भेटते रोजमेरी. सगळ्या जगाला ती खूप जाड दिसते, हॅलला मात्र ग्वेनेथ पॅल्ट्रो दिसते.

मेख इथेच आहे. हॅलला पॅल्ट्रो दिसते म्हणजे आपल्यालाही पॅल्ट्रोच दिसते. सिनेमाचा बराचसा वेळ प्रेक्षक एका सडपातळ, सोनेरी केसांच्या नटीकडे बघत बसतो आणि वर त्याला वाटतं की आपण मनाचं सौंदर्य बघतोय. परीक्षा हॅलची आहे, प्रेक्षकाला फुकटात पास केलंय. शिवाय मन चांगलं असेल तर ते दिसणार कसं? बारीक आणि गोरं! म्हणजे ज्या मोजपट्टीला नावं ठेवायला निघालो, तीच हातात घेऊन मोजमाप सुरू.

चोखोबांनी उसाचा दाखला दिला, तेव्हा ऊस वाकडा आहे हे आधी मान्य केलं होतं. डोळ्यांना वाकडेपणा दिसतोय आणि तरी रस गोड आहे, यातच त्या दाखल्याचा जोर आहे. हॉलिवूडने ऊसच सरळ करून दाखवला.

बुधवार

खुर्चीचा विनोद. रोजमेरी रेस्टॉरंटमध्ये बसते आणि खुर्ची कोसळते. नौकेचा विनोदही त्याच जातीचा: ती एका टोकाला, हॅल दुसऱ्या टोकाला, आणि हॅलचं टोक पाण्याच्या वर अधांतरी.

रचना म्हणून हे हुशारीचं काम आहे, ते मान्य करायला हवं. दृश्य विनोदात साधारणपणे कारण आधी दिसतं, मग परिणाम. इथे कारण पडद्यावरून काढून घेतलंय, फक्त परिणाम ठेवलाय. पडद्यावर बारीक बाई, खाली मोडकी खुर्ची, आणि मधली रिकामी जागा प्रेक्षकाने भरायची. ती जागा भरायची तर 'ही खरं तर जाड आहे' हे प्रेक्षकाला सतत लक्षात ठेवावं लागतं. हॅल विसरलाय, आपल्याला विसरायची परवानगी नाही. म्हणून सिनेमाचं शहाणपण एका दिशेला आणि हशा दुसऱ्या दिशेला जातो. लेखकाचा हेतू वाईट होता असं वाटत नाही. यंत्राची जोडणीच अशी आहे की ते उलटं फिरतं.

अशी कथा लिहिणाऱ्याने एक गोष्ट कागदावरच ठरवावी: खुर्ची मोडल्यानंतरचा शॉट कोणाचा? आजूबाजूच्या टेबलांवरच्या हसऱ्या चेहऱ्यांवर गेलात तर प्रेक्षक त्यांच्यात जाऊन बसतो. नायकाच्या ओशाळलेल्या चेहऱ्यावर गेलात तर विनोद नायकावर होतो, आणि शिकायचं त्यालाच आहे, त्यामुळे तो चालतो. तिच्याच चेहऱ्यावर राहिलात आणि पहिलं वाक्य तिला दिलंत तर विनोद तिच्या मालकीचा होतो. तीन शॉट, तीन वेगळे सिनेमे. संवाद तेच ठेवले तरी.

दुसरी चाचणी याहून सोपी. प्रसंगातून वजन, रंग, दात, टक्कल, जे काय असेल ते काढून टाका आणि बघा काय उरतं. काहीच उरत नसेल तर तिथे विनोद नव्हताच, नुसतं बोट दाखवणं होतं. हॅलचा मित्र मॉरिसिओ एका चांगल्या मुलीला नाकारतो, का तर तिच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. आणि पुढे कळतं की याला स्वतःलाच शेपटीसारखा अवयव आहे, म्हणून तो कोणाला जवळ येऊ देत नाही. इथे बोटाची लांबी बदलून काहीही घाला, विनोद टिकतो, कारण तो मॉरिसिओच्या भीतीवर उभा आहे.

बुधवार, उशिरा

फॅटसूटबद्दल, म्हणजे नट जाड दिसावा म्हणून अंगावर चढवतात त्या पोशाखाबद्दल. पॅल्ट्रोसाठी बनवलेला सूट सुमारे ११ किलोंचा होता, मेकअप कलाकार टोनी गार्डनर यांच्या चमूने केलेला. वजन मुद्दाम लागतं. नुसत्या स्पंजाचा हलका सूट चढवला की पोट मोठं दिसतं, चाल मात्र बारीक माणसाचीच राहते: पावलं जवळ, गुडघे मोकळे, वळताना झटका. खरं वजन मागे-पुढे झुलतं आणि माणूस थांबल्यावर क्षणभराने थांबतं. स्पंज नुसता उसळतो. शिवाय आत प्रचंड उकडतं, घामाने चेहऱ्याच्या कडा सुटायला लागतात, म्हणून जवळचे शॉट आधी उरकून घेतात. पॅल्ट्रोने तो सूट घालून एका हॉटेलात फेरफटका मारला होता आणि नंतर मुलाखतीत सांगितलं की लोक नजरच मिळवत नव्हते. त्या फेरफटक्यात अख्ख्या सिनेमापेक्षा जास्त ऐवज आहे, असं माझं मत.

गुरुवार

तरी एक प्रसंग या सिनेमातून कोणी काढून घेऊ शकणार नाही. दवाखान्यातला भाजलेल्या मुलांचा वॉर्ड. संमोहनात असताना हॅल तिथे जातो, तेव्हा त्याला गोंडस, गुळगुळीत चेहऱ्यांची मुलं दिसतात, आपल्यालाही. त्यातली एक, केडन्स, त्याची विशेष दोस्त होते. पुढे संमोहन उतरतं आणि हॅल पुन्हा तिथे येतो. एक लहान मुलगी त्याला ओळख देते. चेहरा भाजलेला. त्याला ती ओळखू येत नाही. मग नाव कळतं, आणि त्याला एकदम उमगतं की आपण आजवर काय पाहत होतो.

हा प्रसंग चालतो याचं कारण तांत्रिक आहे. त्या क्षणी पहिल्यांदाच हॅल आणि प्रेक्षक एकाच वेळी, एकच चेहरा, पहिल्यांदा बघतात. कोणाला आधी माहीत नव्हतं. हशाला जागा नाही, संगीताची फोडणी नको, उपदेशाचं वाक्य नको. एवढ्याशा प्रसंगात जे जमलं ते रोजमेरीच्या बाबतीत का नाही जमलं? कारण तिचा खरा चेहरा दाखवायला सिनेमा घाबरला. शेवटी शेवटी दाखवतो, पण तोवर तिकिटाचे पैसे पॅल्ट्रोच्या चेहऱ्यावर वसूल झालेले असतात.

शुक्रवार

याच्या नेमका उलट रस्ता: 'दम लगा के हईशा', २०१५, दिग्दर्शक शरत कटारिया. काळ १९९५, गाव हरिद्वार. प्रेमप्रकाश तिवारी (आयुष्मान खुराना) कॅसेटचं दुकान चालवतो, शाळा अर्धवट सुटलेली, इंग्रजीशी वैर, कुमार सानूचा भक्त. घरच्यांनी गळ्यात मारलेली बायको संध्या (भूमी पेडणेकर) शिकलेली, बीएड, शिक्षिकेची नोकरी लागण्याच्या बेतात, आणि जाड. जादू नाही, संमोहन नाही, फॅटसूट नाही. भूमीने भूमिकेसाठी स्वतःचं वजन वाढवलं. त्याआधी ती हा सिनेमा काढणाऱ्या यशराज फिल्म्सच्याच कास्टिंग विभागात काम करत होती, म्हणजे चेहरे निवडण्याच्या धंद्यातूनच आली.

इथे प्रेक्षकाला सवलत नाही. संध्या आल्यापासून जशी आहे तशी आहे आणि शेवटपर्यंत तशीच राहते. बारीक होत नाही, चष्मा काढून सुंदर होत नाही. (चष्मा काढला की मुलगी सुंदर, हा प्रकार आपल्याकडे इतका झालाय की चष्मेवाल्यांनी दावा लावायला हरकत नव्हती.)

दुसरं म्हणजे तराजूची दोन्ही पारडी भरलेली आहेत. प्रेमची लाज फक्त बायकोच्या वजनाची नाही, स्वतःच्या नापास होण्याची आहे. ती सोबत चालली की त्याला दोन्ही दिसतं: तिचं शरीर आणि तिची पदवी. मित्रांसमोर तो तिच्याबद्दल घाण बोलतो, ती ऐकते, सगळ्यांसमोर थोबाडीत देते. तोही उलट हात उचलतो. रोमँटिक कॉमेडीत ही फार धोक्याची जागा. असा प्रसंग एका गाण्यात मिटवला तर प्रेक्षक नायकाला माफ करत नाही, करूही नये. कटारिया तो मिटवत नाहीत. ती माहेरी निघून जाते आणि प्रकरण कोर्टात जातं.

कोर्ट दोघांना सहा महिने एकत्र राहायला सांगतं. कायद्यात हे असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार संमतीने घटस्फोट मागायचा तर आधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं. एकत्र राहण्याची सक्ती ही लेखकाने घेतलेली सवलत. आज कोणी अशी कथा लिहीत असेल तर आणखी एक अडचण: २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात. म्हणजे दोघांना एका छपराखाली कोंडायला आता दुसरं निमित्त शोधा. घरभाड्याचं अनामत, आजारी सासरे, काहीही; पण ते प्रेमाआधी पटलं पाहिजे.

शनिवार

कॅसेटचा प्रसंग परत परत बघण्यासारखा आहे. नवरा-बायको बोलत नाहीत, टेपरेकॉर्डरवर गाणी लावून भांडतात. एकाने एक लावलं की दुसरा कॅसेट काढून आपली घालतो. राग, टोमणा, विनवणी, सगळं दुसऱ्याच्या आवाजात. घरच्यांना ऐकू जातंच, त्यामुळे भांडण खाजगीही नाही.

यात जुनी युक्ती लपलेली आहे: आवाज चेहऱ्यापासून सोडवायचा. एदमाँ रोस्ताँचं 'सिरानो द बर्जराक' १८९७ च्या डिसेंबरात पॅरिसला रंगमंचावर आलं, तेव्हापासून ही चालते. लांब नाकाचा सिरानो सज्जाखाली अंधारात उभा राहून देखण्या क्रिस्तियानच्या नावाने रोक्सानशी बोलतो, जिच्यावर त्याचं स्वतःचंच प्रेम आहे. आणि शेवटच्या अंकात, पंधरा वर्षांनी, तो क्रिस्तियानचं शेवटचं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवतो. वाचता वाचता संध्याकाळ होते. उजेड जातो. तो वाचतच राहतो. रोक्सानच्या लक्षात येतं की एवढ्या अंधारात अक्षर दिसणं शक्य नाही. पत्र पाठ आहे, म्हणजे लिहिलं यानेच. पुरावा म्हणून दुसरं काही आणलेलं नाही, फक्त दिवे हळूहळू मंद केले. रंगमंचावर हे करताना घाई झाली तर सगळं फुकट जातं: प्रेक्षकाला अंधार झाल्याचं रोक्सानच्या किंचित आधी कळायला हवं, फार आधी नव्हे.

हिंदी सिनेमात तर ही युक्ती धंद्याचा पायाच आहे. पार्श्वगायन म्हणजे दुसरं काय? १९९१ ते १९९५ सलग पाच वर्षं फिल्मफेअर घेणारा कुमार सानू देशभर ऐकला गेला तो कॅसेटमधून, चेहऱ्याशिवाय. प्रेम ज्या आवाजावर जीव टाकतो त्या आवाजाला बघून त्याने कधी निवड केलेली नाही. सिनेमा हे बोलून दाखवत नाही, ते बरंच आहे.

शनिवार, रात्री

मालिकांचा हिशोब वेगळा. कलर्स मराठीवर २०२० मध्ये 'सुंदरा मनामध्ये भरली' आली, अक्षया नाईकची लतिका. जाड नायिका मध्यभागी ठेवली, हे मोठंच पाऊल. पण रोजच्या मालिकेला रोज एक काटा लागतो, आणि नायिकेच्या अंगावरून टोमणा हा सगळ्यात स्वस्त काटा. चित्रपटात अपमान दोन-तीनदा होतो आणि कथा पुढे सरकते; मालिकेत सासूबाई, जाऊबाई, शेजारीण असे पाळीपाळीने तोच टोमणा देत राहतात. नायिका सोशिक होत जाते, आणि सोशिक माणूस विनोदी राहत नाही. उपाय एकच: तिला तिचं काम द्या, हिशोबाच्या वहीसकट. दुकान, क्लास, डबे. गिऱ्हाईकाचे पैसे थकले, गॅस संपला, ऑर्डर चुकली यातून निघालेला काटा तिच्या वजनाला हात न लावता भाग पुढे नेतो.

रविवार

शर्यत. 'हईशा'च्या शेवटी नवऱ्याने बायकोला पाठुंगळी घेऊन धावायचं असतं. गंमत म्हणजे अशी स्पर्धा खरोखर होते, फिनलंडच्या सोनकायार्वी गावात, १९९२ पासून. अंतर २५३.५ मीटर, वाटेत दोन कोरडे अडथळे आणि एक पाण्याचा. बायकोचं वजन किमान ४९ किलो हवं, कमी असेल तर वजन बांधून भरून काढतात. आणि बक्षीस? बायकोच्या वजनाइतकी बिअर. तिथे वजनदार बायकोला भाव आहे.

पटाईत जोडपी पाठुंगळी घेतच नाहीत. एस्टोनियन पद्धत वापरतात: बायको उलटी, डोकं खाली, पाय नवऱ्याच्या मानेभोवती, हात त्याच्या कमरेला. वजन खांद्याजवळ राहतं, नवऱ्याचे हात मोकळे राहतात, तोल सुटत नाही. पाठुंगळीत भार मागे ओढतो, माणूस पुढे वाकतो, मांड्या लवकर भरून येतात. वेगाच्या हिशोबाने प्रेमने चुकीची पद्धत निवडली.

पण कॅमेऱ्याच्या हिशोबाने तीच बरोबर. एस्टोनियन पद्धतीत तिचं तोंड त्याच्या पाठीत, दोघं एका चौकटीत दिसणारच नाहीत. पाठुंगळीत तिचा चेहरा त्याच्या खांद्यावर येतो. समोरून लांब लेन्स लावली की दोन्ही चेहरे एकावर एक, सारखेच स्पष्ट, त्याचे दात आवळलेले आणि ती त्याच्या कानाशी काहीतरी सांगतेय. त्याला ती अजिबात दिसत नाही. दिसतो समोरचा रस्ता, आणि मागून येतो तिचा आवाज आणि तिचं सगळंच्या सगळं वजन.