मुंग्या मोजून मिळतं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, प्रश्न तोच. पैसे मिळत नाहीत. पण ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात कोण कुठे राहतं आणि कोण कोणाला हुसकावतं, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

पालापाचोळ्यात बिस्किटाचा चुरा ठेवून बसा. बारीक काळ्या मुंग्या तो आधी हुडकतात. मग झाडावरून त्या येतात, ज्यांचं पोट पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. ते पाठीवर उचलून धरतात, टोकाला विषाचा थेंब. बारीक मुंग्या निमूट मागे सरतात. उघड्या गवतावर, तापलेल्या मातीत, हीच मांडणी बदलते. हे मी तासन् तास पाहू शकतो.

आता जे कोणी विचारत नाही ते सांगतो. मोजण्यासाठी प्लास्टिकचे पेले जमिनीच्या पातळीत पुरतात, तळाशी साबणाचं पाणी. परवानगी घेऊन मी ३० पेले पुरले होते, ४८ तासांनी काढायचे होते. दुसऱ्या संध्याकाळी कंटाळा केला. एक रात्र जास्त राहिले तर काय बिघडतं, म्हटलं. त्या रात्री वळीव कोसळला. सकाळी गेलो तर पेले काठोकाठ भरलेले, अर्ध्या मुंग्या वाहून गेलेल्या. ओढ्याकडच्या एका पेल्यात सापसुरळीचं पिल्लू तरंगत होतं. करंगळीपेक्षा लहान, पायांची बोटं पसरलेली. तळहातावर घेतलं, थोडा वेळ हलवत राहिलो. वहीत ‘इतर: १’ असं लिहिलं. ते पान अजून आहे.

तेव्हा स्वतःला समजावलं होतं, कामकरी मुंग्या गेल्या तरी राणी शाबूत, वारूळ भरून निघतं. मुंग्यांपुरतं ते आजही खरं मानतो. त्या पिल्लाला ते लागू नव्हतं. आता पेल्यावर जाळी आणि छप्पर घालतो, पाऊस असो नसो वेळेवर काढतो. फोटोवर भागवा, असं म्हणता. दोन-तीन मिलिमीटरच्या मुंगीचे जबड्याचे दात, कमरेच्या गाठी लेन्सखाली पाहिल्याशिवाय जात ओळखता येत नाही. शिवाय आंब्यावर पानं शिवून राहणारे ओंबील, म्हणजे तांबड्या मुंग्या, पेल्यात क्वचितच पडतात, म्हणजे पेल्यांचा आकडा रानाचा अर्धाच हिशेब. ओंबिलांसाठी झाडाखाली उभं राहून घरटी मोजतो, मान आखडेपर्यंत.

या रविवारी गवताळ पट्ट्यात पुन्हा पेले लावतोय. ३० नाही, १२. आकडेमोडीला ते कमी पडतील. मला ते जास्तच वाटतायत.