डोक्यात दहा वाकळा, हातात एक

मी वाकळा, म्हणजे जुन्या कापडाचे थर शिवून केलेल्या गोधड्या, शिवते. जुनं इरकल लुगडं हातात आलं की मला एकदम चार-पाच गोष्टी सुचतात. टोपपदराचा, म्हणजे इरकलीच्या पदराचा, लाल-पांढरा भाग मधोमध घेऊन भोवती काठांची चौकट करावी. नाहीतर काठ कापून त्यांच्या पट्ट्या तिरप्या लावाव्यात. खणाचे त्रिकोण कापून कडेनं फिरवावेत. कसुती भरतकामातलं गोपूर घ्यावं, रथ घ्यावा, तुळशीवृंदावन तर हवंच. असं सुचत असतानाच कुणीतरी मऊसूत धोतर आणून देतं आणि अस्तराचा वेगळाच विचार सुरू होतो.

दिवस पतसंस्थेत जातो. मार्चअखेर आली की संध्याकाळही तिथंच. उरतो तो रात्रीचा जेवणानंतरचा तासभर आणि रविवार. एका माणसाच्या हातानं डबल अंगाची वाकळ पुरी व्हायला महिने लागतात. कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं, थर सरकू द्यायचे नाहीत, टाका एकसारखा ठेवायचा. यात घाई चालत नाही आणि मला ती करायचीही नाही.

म्हणून सुचलेलं मी वहीत लिहीत नाही, तळहाताएवढ्या चिंधीवर करून बघते. कागदावर प्रत्येक कल्पना देखणीच दिसते. कापडावर तिचं खरं काय ते कळतं. कसुतीतली गवंती घ्या. या टाक्याला गाठ नसते, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी उमटते. वाकळही दोन्ही बाजूंनी वापरायची, म्हणून मला वाटलं, यांची जोडी जमणार. पण कसुतीत कापडाचे धागे मोजून टाका घालतात. चार थर एकावर एक आल्यावर खालच्या थराचे धागे मोजणार कसे? चिंधीवर करून पाहिलं तेव्हा उमगलं, की टाका मोठा घेतला आणि गोपुराच्या पायऱ्या कमी केल्या तर जमतं. बारीक रथ जमत नाही. तो पोलक्याच्या बाहीवरच शोभतो.

वेळेचंही तसंच. तास मोजण्यापेक्षा कुठला तास कशाचा, हे बघणं मला जास्त कामाचं वाटतं. ट्यूबलाइटखाली मरून आणि जांभळा ओळखू येत नाहीत, त्यामुळे रंग सकाळच्या उजेडातच जुळवायचे. डबे भरून झाले की दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती याचसाठी. फरशीवर सगळं पसरून कापायचं काम रविवारी. रात्री फक्त धावदोरा, कारण दमलेल्या डोक्यालाही तो जमतो आणि दिवसभराचा शीण उतरतो. रात्री नवीन काही ठरवायचं नाही, हे मी कटाक्षानं पाळते.

सासूबाई म्हणायच्या, "अगं, हातातली पुरी कर आधी, मग दुसरीला सुई लाव." त्यांच्या काळी घरात जेवढी लुगडी विरायची तेवढीच वाकळ व्हायची, कापडच माप ठरवायचं. आता खणही गजावर हवा तेवढा मिळतो, म्हणून माप आपल्यालाच ठरवावं लागतं. माझं माप एक. एक चालू असताना बाकीच्यांच्या फक्त चिंध्या, त्यासुद्धा एकाच गाठोड्यात. गाठोड्याची गाठ बसेना झाली की ते सोडायचं, सगळ्या चिंध्या पलंगावर मांडायच्या आणि ज्या बघून हात शिवशिवत नाहीत त्या काढायच्या.

काढलेल्या वाया जात नाहीत. खणाच्या त्रिकोणांची चिंधी मी गल्लीतल्या बचत गटातल्या मावशींना दिली. त्यांनी तिच्यावरून बाळाची दुपटी शिवली, आणि कडेला मला सुचलं नव्हतं असं हिरवं पान घातलं. किती सुरेख दिसतंय ते! ती कल्पना माझ्याकडे राहिली असती तर अजून गाठोड्यातच असती.

सध्या सासूबाईंच्या इरकलीची वाकळ चालू आहे. पदर मधोमध, भोवती काठ, चार कोपऱ्यांत मोठ्या टाक्यांची चार गोपुरं. दोन झाली आहेत. कुणाकडे जुनं, विरलेलं पांढरं सुती धोतर असेल तर जरूर कळवा, अस्तराला एक कमी पडतंय.