पन्नाशीतही झाडावर चढता यावं म्हणून काय काय केलं: माझा अनुभव

मी दोर आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा) लावून मोठ्या झाडांवर चढतो, फांद्या उतरवतो, वाळलेली झाडं वरून तुकड्या तुकड्याने खाली आणतो. वय पन्नाशीला टेकलंय. आमच्या कामात या वयाचे चढणारे फार कमी दिसतात, चाळिशी आली की कुणी सुपरव्हायजर होतो, कुणी बकेटवाल्या (माणसाला पाळण्यात उभं करून वर नेणाऱ्या) गाडीवर जातो, कुणी धंदाच बदलतो. मला अजून चढायचंय आणि मध्ये अशी वेळ आली होती की आता हे सुटतंय की काय असं वाटायला लागलेलं. त्यातून कसा बाहेर आलो ते सविस्तर लिहितोय कारण हेच दुखणं अंगावर काढत गप्प बसलेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत.

सुरुवात कोपरापासून झाली. उजव्या कोपराची आतली बाजू, जिथे हाडाचा उंचवटा हाताला लागतो ना, बरोबर तिथे. आधी सकाळी उठल्यावर थोडंसं, मग बादली उचलताना, मग दाराची कडी फिरवताना. आमचे कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायचे धातूचे हुक, तीन हालचालींचे असतात, कडी वर सरकवायची, फिरवायची आणि मग आत दाबायची, हे अंगठा आणि दोन बोटांनी एका दमात व्हायला लागतं, न बघता. ते करताना कळ यायला लागली आणि मी नकळत डाव्या हाताने उघडायला लागलो. तेव्हा जाणवलं की हे नुसतं अंग दुखणं नाहीये.

डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी गोल्फर्स एल्बो सांगितलं (नाव खेळाचं असलं तरी मूठ आवळून ओढायचं काम करणाऱ्या कुणालाही होतं), गोळ्या आणि विश्रांती. विश्रांती घेतली, दुखायचं थांबलं, कामावर गेलो आणि आठवड्याभरात परत तेच. परत विश्रांती, परत तेच. मग इंजेक्शनचा विषय निघाला. त्याबद्दल मी बरंच वाचलं आणि विचारलं, टेनिस एल्बोमध्ये म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पहिले काही आठवडे मस्त आराम पडतो पण वर्षभराने बघितलं तर इंजेक्शन न घेतलेले लोक जास्त चांगल्या स्थितीत असतात असं अभ्यासांत दिसलंय. माझं दुखणं आतल्या बाजूचं होतं पण मी विचार केला की आपल्याला वर्षानुवर्षं चढायचंय, दोन महिन्यांच्या आरामाचं काय करू. आणि फिजिओथेरपिस्टकडे गेलो.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही कामाव्यतिरिक्त व्यायाम काय करता?" मी म्हटलं अहो दिवसभर झाडावरच असतो, वेगळा व्यायाम कशाला. त्या म्हणाल्या, "काम म्हणजे व्यायाम नाही. कामात तुम्ही सारखं ओढताय, ढकलत कधीच नाही. आणि ज्या दिवशी थकलेले असता त्या दिवशी पण वजन तेवढंच असतं."

मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. व्यायामात वजन आपण ठरवतो, कामात झाड ठरवतं. विशी-तिशीत शरीर ते भरून काढतं. नंतर स्नायूंची ताकद बऱ्यापैकी टिकते पण टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी ती चिवट दोरी, तिला रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात वय वाढलं की दुरुस्ती अजून हळू. स्नायू काही आठवड्यांत ताकद पकडतो, टेंडनला महिने लागतात. त्यामुळे सुट्टीवरून आलेला माणूस दोन आठवड्यांत म्हणतो मी फिट आहे, आणि स्नायू खरंच फिट असतो, टेंडन मागे राहिलेलं असतं, आणि तिथेच दुखणं उभं राहतं. माझं दर वेळी परत का यायचं त्याचं उत्तर मला इथे मिळालं. विश्रांतीने दुखणं शांत होत होतं पण टेंडनची सहन करायची ताकद अजून कमी होत होती.

व्यायाम दिसायला अगदी साधे होते. पहिल्या टप्प्यात हाताची हालचालच नाही, हात टेबलवर, तळवा वर, मनगट कडेच्या बाहेर, हातात डंबेल आणि नुसतं धरून ठेवायचं, ३० ते ४५ सेकंद, मध्ये थोडं थांबून ४-५ वेळा. दुखणं कमी झाल्यावर दुसरा टप्पा, त्यात दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर न्यायचं आणि खाली मात्र एकट्या दुखऱ्या हाताने सोडायचं, सावकाश, मनात चार आकडे मोजत. हळूहळू वजन वाढवायचं. नियम असा की दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं कालच्यापेक्षा वाढलेलं नको, वाढलं तर वजन कमी करायचं, व्यायाम बंद करायचा नाही. हे मला फार आवडलं कारण दुखतंय म्हणजे काहीतरी बिघडतंय ही भीती त्यातून गेली. पण कंटाळा भयंकर येतो हे सांगतो, मधले आठवडे काहीच फरक दिसत नाही, आणि बरेच लोक तिथेच सोडतात. साधारण तीन महिने धरून चालायचं, त्याच्या आधी निकाल मागायचा नाही.

सोबत ढकलायचे व्यायाम आले, पुश-अप, डोक्यावर वजन उचलणं, खांद्याची पाती मागे खेचून धरणं. बारला लटकणं पण आलं, मात्र अंग सैल सोडून नाही, खांदे कानांपासून खाली ओढून. पायांसाठी स्क्वॉट आणि एका पायावर उभं राहणं. डब्ल्यूएचओ पण मोठ्या माणसांना आठवड्यात निदान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, मी तेवढंच करतो आणि कामाचा हलका दिवस बघून करतो. जड कामाच्या आदल्या दिवशी करत नाही.

आता चढण्याच्या पद्धतीबद्दल, कारण नुसता व्यायाम करून जुन्याच पद्धतीने चढलो असतो तर काही उपयोग नव्हता. पूर्वी मी फिरत्या दोरावर चढायचो, म्हणजे दोर फांदीवरून जाऊन परत माझ्याकडे येतो आणि मी ओढतो तसा वर जातो. यात वजन अर्धं लागतं पण एक मीटर वर जायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, आणि सगळं हातांवर, मूठ सारखी आवळलेली. आता लांब चढाई असेल तर स्थिर दोर लावतो, एका पायाला फूट असेंडर, दुसऱ्या गुडघ्याला नी असेंडर (असेंडर म्हणजे दोरावर वर सरकणारी पण खाली न घसरणारी पकड), छातीवर पट्टा. जिना चढल्यासारखं पायांनी वर जायचं, हात फक्त तोल सांभाळायला. मांडीचा स्नायू शरीरातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी आहे, तो असताना बारीकशा कोपरावर सगळं शरीर का टांगायचं? वर पोचल्यावर फांद्यांमध्ये फिरायला मी अजूनही फिरता दोरच वापरतो, तिथे तो सोयीचा पडतो.

वर काम करताना अजून एक बदल केला. आधी लांबची फांदी असली की अंग ताणून एका हाताने करवत चालवायचो, आता दुसरा अँकर (दोर अडकवायची जागा) घेतो, लॅनयार्ड म्हणजे स्वतःला झाडाशी बांधायचा आखूड दोर टाकतो, पाय नीट टेकवतो आणि मगच करवत काढतो. दोन-तीन मिनिटं जास्त जातात. पण ताणलेल्या खांद्याने चालवलेली करवत संध्याकाळी वसूल करते. करवतीची धार पण, बोथट करवत म्हणजे मूठ जास्त आवळणं आणि थरथर जास्त. थरथरीचा विषय निघालाच आहे तर, थंडीत बोटं पांढरी पडणं, रात्री मुंग्या येणं ही चेनसॉ (यंत्रावरची करवत) वापरणाऱ्यांनी अजिबात अंगावर काढायची गोष्ट नाही, ते लवकर दाखवायचं, उशीर झाला तर ते पूर्ण बरं होईलच असं नसतं.

डोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. चाळिशीनंतर जवळचं धूसर व्हायला लागतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण आमची घर्षणाची गाठ, म्हणजे मुख्य दोराला वेढे घालून मारलेली, वजन पडलं की घट्ट पकडणारी गाठ, जिच्यावर पूर्ण जीव असतो, ती असते चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर किंवा डोक्याच्या वर. एकदा दाट पानांच्या सावलीत वर बघत होतो, गाठीचे वेढे एकमेकांवर चढलेत की नाही ते डोळ्यांना कळेना, शेवटी अंगठ्याचं नख एकेका वेढ्यावरून फिरवून मोजले, बरोबर होते. खाली आल्यावर पहिलं काम चष्म्याचं केलं. पण तिथेही गोम आहे, प्रोग्रेसिव्ह चष्म्यात (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या) जवळचा भाग खाली असतो, म्हणजे वरची गाठ बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते, आणि पाय कुठे टेकवतोय ते बघायला गेलं की त्याच खालच्या भागातून सगळं धूसर. चष्मेवाल्याला काम नीट समजावून सांगा, डोक्यावर हात करून काम करणाऱ्यांसाठी वरच्या बाजूलाही जवळचा नंबर असलेल्या काचा मिळतात. वेढे नखाने मोजायची सवय मात्र मी ठेवलीये.

बाकी छोट्या गोष्टी. चढण्याआधी दहा मिनिटं अंग गरम करतो, बरोबरची पोरं तोवर सामान लावतात. पाणी घड्याळ बघून पितो कारण वयाबरोबर तहान कमी लागते, शरीराला पाणी हवं असतं पण कळत नाही. झोपेत काटछाट नाही. आणि एक औषधांचं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या जातीच्या अँटिबायोटिकने टेंडन दुखावायचा, तुटायचा पण धोका असतो, साठीच्या पुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना जास्त, त्यामुळे डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते आधीच सांगायचं, ते दुसरं औषध बघू शकतात.

टीममध्ये पण बोललो. हे मला सगळ्यात जड गेलं, इतकी वर्षं सगळ्यात उंच झाड माझंच असायचं. आता सलग दोन दिवस जड चढाई घेत नाही, एक दिवस वर, एक दिवस खाली दोर सांभाळायला. खाली असतो तेव्हा वरच्या माणसाला उतरवून आणायची पूर्ण तयारी माझी असते, हार्नेस अंगावर, दुसरा दोर लावलेला, कारण हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो आणि त्या वेळी वय विचारून चालत नाही. म्हणून बचावाची प्रॅक्टिस मी पोरांच्या बरोबरीने करतो, त्यात सूट घेत नाही.

कोपर आता दुखत नाही, कॅराबिनर परत उजव्या हाताने उघडतो. मनगटाचे व्यायाम चालूच आहेत, मॅडमनी बंद करा असं अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं पण नाही. सध्या डाव्या खांद्याकडे बघणं चालू आहे, हात डोक्याच्या वर नेताना मध्येच एका कोनात अडकल्यासारखं होतं. या वेळी काम बंद न ठेवता फक्त करवतीची उंची छातीच्या खाली ठेवून चालू आहे. कुणाला खांद्याचा असा त्रास होऊन गेला असेल आणि परत पूर्ण चढायला लागला असाल तर कुठल्या व्यायामाने फरक पडला ते नक्की सांगा.