हिप्परगा तलाव (सोलापूर) : पांढऱ्या बगळ्यांच्या नोंदी, आतापर्यंतची प्रगती

बगळा ओळखताना चोचीचा रंग आता आम्ही सगळ्यात शेवटी बघतो. कारण साधं आहे. पावसाळ्यात, म्हणजे विणीच्या काळात, मोठ्या आणि मध्यम बगळ्याची पिवळी चोच काळी पडते. लहान बगळ्याची चोच काळीच असते, म्हणून तेव्हा नुसत्या काळ्या चोचीवरून ‘लहान बगळा’ लिहिलं की नोंद गेलीच.

लहान बगळ्याची खात्रीची खूण पायाशी आहे: काळे पाय, पिवळी बोटं. अडचण आपल्या काळ्या मातीची. काठच्या चिखलात बोटं माखली की पाय सलग काळा दिसतो. अशा वेळी पक्षी उडेपर्यंत थांबावं, पिवळे पंजे शेपटीमागे स्वच्छ दिसतात. किंवा तो उथळ पाण्यात शिरेपर्यंत. तिथे एक पाय थरथरवत तो तळ ढवळतो, मासे बिचकून हलतात आणि बोटंही धुऊन निघतात! हे ढवळणं ओळखीला फार कामाचं आहे. पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्याचे पाय हिरवट असू शकतात, तिथे चोचीची सडपातळ, सुरीसारखी ठेवण बघावी.

गायबगळा सोपा. चोच आखूड, पिवळी. हनुवटीखालची पिसं पुढे आल्याने गालफड फुगल्यासारखं दिसतं. विणीत डोकं, मान आणि पाठीवर नारिंगी छटा येते. रब्बीच्या पेरणीला ट्रॅक्टरमागे चालणारे बहुतेक हेच.

मध्यम की मोठा, हा खरा पेच, आणि एकटा पक्षी असला की आकाराचा अंदाज फसतोच. जिवणीची रेघ (चोचीच्या फटीची डोळ्याकडे जाणारी रेघ) बघा: डोळ्याच्या मागे गेली तर मोठा, डोळ्याखालीच संपली तर मध्यम. ८×४२ (आठपट मोठं दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून ती जवळच्या पक्ष्यावरच दिसते, लांबच्यासाठी फोटो हवा. उन्हात पांढरी पिसं फोटोत जळतात (नुसता पांढरा डाग उरतो), म्हणून कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) −१ पर्यंत उतरवायचं, नाहीतर चेहऱ्याचे तपशील जातात.

वंचक (बगळ्यांच्याच कुळातला पक्षी) उडाला की पंख पांढरेशुभ्र दिसतात, पण पाठ तपकिरी असते. घाईत तो पांढऱ्यांच्या मोजणीत शिरतो.

संध्याकाळी परतणाऱ्या थव्यांतल्या जाती अजून नीट ओळखता येत नाहीत. मोठ्याचे पंख सावकाश हलतात, लहान आणि गायबगळ्याचे भराभर. पण मावळत्या उजेडात या दोघांत फरक करायला पायच लागतात. ते दिसले नाहीत तर यादीत ‘बगळा, जात अनिश्चित’ एवढंच लिहितो.