तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू मरत का नाहीत?

पाऊस लागला की हा प्रश्न ठरलेला. लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, वर्गातसुद्धा. ‘मॅडम, जठरात एवढं जहाल ॲसिड असतं म्हणता, मग पाणीपुरीतले जंतू तिथंच का मरत नाहीत?’ मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेव्हा विचारणाऱ्याचं बरोबरच आहे. पण चौथा मजला येईपर्यंत सांगून होईल असं हे उत्तर नाही, म्हणून लिहून काढलं.

बहुतेक जंतू मरतातच. रिकाम्या पोटी जठराचा पीएच दीड-दोनच्या आसपास असतो, त्यात फार थोडे टिकतात. पण जंतू पोटात जातात ते अन्नाबरोबर, आणि अन्न गेलं की ॲसिड काही वेळ सौम्य होतं. केमिस्टकडून परस्पर ॲसिडिटीच्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेणाऱ्यांचं तर ते एरवीही सौम्यच असतं. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब करवणाऱ्या जंतूंची लागण अशा लोकांना जास्त होते, हे पक्कं माहीत आहे.

मग जे वाचतात ते कशाच्या जोरावर? ॲसिड काय, उष्णता काय, दोन्हींनी जंतूच्या प्रथिनांची घडी विस्कटते. विस्कटलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि पेशीचं काम ठप्प होतं. ज्या जंतूला हे वेळेत आवरता येतं तो तगतो. काही प्रथिनांची घडी पुन्हा बसते. ज्यांची बसत नाही ती कापून टाकावी लागतात. कापणारं एन्झाइम म्हणजे प्रोटिएझ, जंतूच्या हातातली कात्रीच. पोटाच्या आजारांवर बोलताना आपण जंतूंच्या विषांबद्दल भरपूर बोलतो आणि या कात्रीबद्दल जवळजवळ काहीच नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

सीएलपीपी नावाचं प्रोटिएझ घ्या. १४ तुकडे जुळून झालेलं पोकळ नळकांडं. धार सगळी आतल्या बाजूला आणि तोंड इतकं अरुंद, की घडी नीट असलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. दाराशी दुसरं एक प्रथिन असतं. ते ऊर्जा खर्चून नेमकं सावज पकडतं, उलगडतं आणि आत ढकलतं. साल्मोनेला सुखात वाढत असतो तेव्हा आरपीओएस नावाचं, संकटकाळचा कारभार पाहणारं प्रथिन तो बनवतो आणि हीच कात्री ते काही मिनिटांत संपवते. बनवायचं आणि लगेच तोडायचं! वरवर शुद्ध उधळपट्टी वाटते. पण उपासमार झाली की तोडणं थांबतं, आरपीओएस झपाट्यानं साचतं आणि बचावाची कितीतरी जनुकं कामाला लागतात. ही तयारी मला वर्षानुवर्षं शिकवूनही थक्क करते.

कात्री काढून घेतली तर काय होतं, याचं माझ्या आवडीचं उदाहरण टायफॉइडच्या लसीचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला १९९०च्या दशकात टायफॉइडचा जंतू कमकुवत करून तोंडानं द्यायची लस तपासत होते. जंतू कमकुवत होता, तरी स्वयंसेवकांच्या रक्तात सापडायचा. त्यातून एचटीआरए या प्रोटिएझचं जनुकही काढून टाकलं, तेव्हा तो रक्तात सापडेना, आणि शरीराची प्रतिकारशक्ती मात्र जागी झाली. लॉन नावाच्या प्रोटिएझची तऱ्हा आणखी वेगळी: ते नसलेला साल्मोनेला आतड्याच्या पेशींत उलट जास्तच जोरात शिरतो, पण उंदरात पुढे आजार पसरवू शकत नाही. कुठे थांबायचं, हेही जंतूला कापूनच साधावं लागतं.

हे सगळं पेशीच्या आत चालतं, त्यामुळे दिसत नाही. बाहेर सोडलेलं प्रोटिएझ मात्र दिसतं. प्रॅक्टिकलला आम्ही दुधाची पावडर घातलेलं आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, प्लेटमध्ये ओततो. प्लेट पांढरट, अपारदर्शक. तिच्यावर बॅसिलस नावाच्या जंतूची एक रेघ ओढायची आणि रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी रेघेच्या दोन्ही बाजूंना काचेसारखा स्वच्छ पट्टा असतो, त्यातून खालच्या वहीवरची अक्षरं वाचता येतात. तिथलं केसिन, म्हणजे दुधातलं प्रथिन, कापलं गेलेलं असतं. मुलं प्लेट उजेडाकडे धरून बघत राहतात.

आता केसिनच्या जागी आपलं आतडं आणा. आतड्याच्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिनसारख्या प्रथिनांनी धरून असतात. कोंबडीच्या कच्च्या मांसातून येणारा कॅम्पिलोबॅक्टर आपलं एचटीआरए बाहेर सोडतो, ही पकड कापतो आणि दोन पेशींच्या मधून पलीकडे जातो. आरपीओएस या जंतूत नाहीच. उष्णता आणि ऑक्सिजनचा मारा सोसायलाही त्याला हेच एचटीआरए लागतं. म्हणजे स्वतःला सावरायचं हत्यार तेच आणि आपल्यावर चालवायचंही तेच. याहून भयंकर कात्री बॉट्युलिनम विषाची. ती मज्जातंतूच्या टोकाशी संदेश सोडणारी प्रथिनं तोडते आणि स्नायू लुळे पडतात. आपल्या लोणच्यातला आंबटपणा आणि मीठ हे विष बनवणाऱ्या जंतूला वाढू देत नाहीत. नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या लसणीचा मात्र भरवसा धरू नका.

स्वयंपाकघरासाठी एवढं ध्यानात ठेवा: सौम्य आंबटपणात काही वेळ राहिलेला साल्मोनेला पुढच्या उष्णतेलाही जास्त तग धरतो. त्यामुळे कालची आमटी कोमट करून घेण्यात अर्थ नाही. चांगली खळखळून उकळा. उरलेला भात लवकर फ्रिजमध्ये टाका, कारण बॅसिलस सिरिअसचं उलट्या करवणारं विष नंतर कितीही तापवलं तरी जात नाही, आणि आपल्या पोटातल्या प्रोटिएझनाही ते दाद देत नाही. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. विळी आणि बोर्ड वेगळे ठेवा.

औषधांच्या बाजूनं मला सगळ्यात आशा वाटते ती एका उफराट्या युक्तीची. २००५ साली जर्मन संशोधकांनी दाखवलं, की एडीईपी नावाची द्रव्यं सीएलपीपीचं तोंड उघडं पाडतात. मग कात्री दाराशी कुणी नसताना सुटते आणि जंतूला विभाजनासाठी लागणारं प्रथिनच कापू लागते. बॅसिलस, स्टॅफिलोकोकस अशा जंतूंवर हे चालतं. साल्मोनेलाचं बाहेरचं आवरण मात्र ही द्रव्यं नीट आत येऊ देत नाही, आणि आलेली तो पंपानं बाहेर फेकतो. त्या आवरणातून वाट काढण्याचं काम अजून बाकी आहे.