एका श्वासात अकरा

काकूंचा फोन सकाळी पावणेसातला आला तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय, कारण एरवी त्या मिसकॉल देतात आणि मग मीच लावते. म्हणाल्या, "ताई, काल त्याईचा फोन आलता जी. त्याईचा आवाज असा नाही राहत. मधात मधात थांबून बोलत होते." मी विचारलं ताप आहे का. "म्हणे जरा कणकण आहे. पण ते कधी सांगत नाही न, तुमाले माहीतच आहे."

मे २०२१, दुसरी लाट ऐन भरात. काका म्हणजे काकूंचे यजमान, आमचे जेलमधले अशील. ६७ वर्षांचे, शुगर, बीपी, अख्खं आयुष्य विदर्भात मजुरांच्या संघटनेत गेलेलं. यूएपीए, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लागला होता, आत जाऊन तिसरं वर्ष चालू होतं आणि अजून चार्जसुद्धा फ्रेम झाला नव्हता, म्हणजे कोर्टाने आरोपही निश्चित केले नव्हते. आमचे सर, ज्या वकिलांकडे मी काम करायचे ते, स्वतः पॉझिटिव्ह होऊन घरात बंद, त्यामुळे फाईल माझ्या गळ्यात. मी तेव्हा जेमतेम चार वर्षांची ज्युनिअर. राजकीय कैदी हा शब्द आपण सहज वापरतो पण आपल्याकडच्या जेलच्या कागदांवर तो नसतो (बंगालच्या १९९२ च्या कायद्यात आहे म्हणे तो, इथे नाही). इथे काका म्हणजे फक्त न्यायबंदी (खटला संपायचा असलेला कैदी) क्रमांक अमुक.

आता कुणी म्हणेल कोविडमध्ये तर कैदी सोडले होते की. सोडले ना. २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक राज्याला हाय पॉवर कमिटी नेमायला सांगितली, जेलमधली गर्दी कमी करा म्हणून. आपल्या कमिटीने आधी सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातले कच्चे कैदी घेतले, मग मे महिन्यात निकष वाढवले, पण यूएपीए, मोक्का, पीएमएलए, एनडीपीएस वगैरे स्पेशल कायदे बाहेर. म्हणजे चाळणी कलमाची लावली, वयाची किंवा आजाराची नाही. पंचविशीतला धडधाकट चोर घरी गेला आणि शुगरवाले काका बॅरकमध्ये. चोर गेला याचं मला काही वाईट नाही हां, त्याने जायलाच हवं होतं.

तर त्या दिवशी आमच्या हातात कागद काय होता? तीन आठवड्यांपूर्वी मी जेलकडून काकांचा मेडिकल रिपोर्ट मागवला होता. आला. चार ओळींचा, इंग्रजीत. त्यात लिहिलेलं, "शी इज स्टेबल, हर व्हायटल्स आर विदिन नॉर्मल लिमिट्स". शी! हर! कुठल्या तरी बाईचा रिपोर्ट उघडून वरचं नाव बदललेलं. तेव्हा ऑफिसात आम्ही हसलो होतो. टायपो म्हणून सोडून दिलं, ही माझी चूक, त्याच दिवशी अर्ज टाकायला हवा होता.

मुलाकाती बंदच होत्या, जेलच्या मोबाईलवर व्हिडिओ कॉल मिळायचा, तोही दहा मिनिटं. मी आठपासून जेलला फोन लावत बसले, सव्वादहाला कुणीतरी उचलला, गयावया करून लीगल मुलाकात मागितली. अकरा वाजता स्क्रीनवर काका. मास्क हनुवटीवर, मागे हिरवट भिंत, शेजारी शिपायाचा खांदा. "बोला वकीलबाई, तुमचे सर कसे आहेत?" हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

ऑक्सिमीटर लावला का विचारलं. "एकच आहे, त्याचे सेल गेलेत." मग मला आठवलं, ओळखीच्या डॉक्टरने घरच्यांसाठी एक गोष्ट सांगितली होती, खोल श्वास घ्या आणि त्याच श्वासात आकडे मोजत जा. साधा माणूस पंचवीस-तीसला सहज जातो. म्हटलं काका, मोजा. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग मोजायला लागले, एक, दोन, तीन, सातला आवाज बारीक झाला, नऊला शिपायाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, अकराला खोकल्याची उबळ आली ती थांबेचना. मला काय बोलावं सुचेना, मी फक्त वहीत ११ लिहिलं आणि पुढे वेळ लिहिली, ११.०७.

लोकल सगळ्यांसाठी चालू नव्हत्या आणि कोर्टही व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर), म्हणून सगळं घरातूनच. अर्धा तास टायपिंग, मंडेला रूल्स, म्हणजे कैद्यांच्या वागणुकीबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे नियम, त्यातला चोविसावा टाकला, बाहेरच्या माणसाला मिळतात तेवढेच उपचार कैद्याला मिळाले पाहिजेत असं सांगणारा. आणि फेब्रुवारीतच हायकोर्टाने यूएपीएतच आत असलेले तेलुगू कवी वरवरा राव यांना सहा महिन्यांचा मेडिकल जामीन दिला होता ती ऑर्डर जोडली. पण मी जामीन मागितला नाही. मुद्दाम. यूएपीएत कलम ४३-डी आडवं येतं, आरोपात प्रथमदर्शनी तथ्य वाटलं की जामीन नाही, त्यावर महिनोन्महिने वाद चालतो. मला फक्त हॉस्पिटल हवं होतं, आजच्या आज.

सरकारी वकिलांनी से, म्हणजे अर्जावरचं लेखी उत्तर, द्यायला आठवडा मागितला. आठवडा! जज म्हणाले, आकडे मोजले हा काय पुरावा झाला, तुम्ही डॉक्टर आहात का? मी म्हटलं, "नाही सर. पण ज्यांनी जेलचा रिपोर्ट लिहिलाय त्यांनी पेशंट बघितलेला दिसत नाही. बघितला असता तर तो पुरुष आहे एवढं तरी कळलं असतं." बोलून गेले आणि पोटात गोळा आला. स्क्रीनवर शांतता. जजनी कागद डोळ्यांजवळ धरला, परत वाचला, सरकारी वकिलांना म्हणाले तुमच्याकडेही हीच कॉपी आहे का. दोन वाजता ऑर्डर झाली, आजच सरकारी हॉस्पिटलमध्ये न्या, रिपोर्टची प्रत वकिलांना आणि घरच्यांना द्या.

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय. जेल म्हणालं ऑर्डर कोर्टाच्या ईमेलवरून आली पाहिजे, कोर्टात निम्मा स्टाफ, मेल जायला पाच वाजले. मग एस्कॉर्ट. पोलीस मुख्यालयातून गार्ड आल्याशिवाय कैदी गेटबाहेर पडत नाही आणि सगळी माणसं लॉकडाऊनच्या बंदोबस्ताला. काकू दर अर्ध्या तासाने, निघाले का जी? रात्री नऊ वीसला अनोळखी नंबर. सकाळचा तो खांदा. "मॅडम, गाडी निघाली. ऑक्सिजन लावलाय, सत्याऐंशी दाखवतंय." त्याला हे सांगायची काही गरज नव्हती. नाव विचारलं तर म्हणाला, राहू द्या.

काका अकरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी कळलं पायाला साखळी लावून पलंगाला बांधलंय, ६७ वर्षांचा ऑक्सिजनवरचा माणूस कुठे पळणार होता देव जाणे. सरसकट बेड्या घालायच्या नाहीत हे सुप्रीम कोर्टाने प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये १९८० ला सांगितलंय, तरी त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी ऑर्डर. मग पुढे ५ जुलैला फादर स्टॅन स्वामी गेले, आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू, तेही यूएपीएतच आत, ८४ वर्षांचे, पार्किन्सन्स असलेले, हायकोर्टात त्यांच्या जामिनावर सुनावणी होती त्याच दिवशी. याच माणसाला जेलमध्ये सिपर आणि स्ट्रॉ मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला होता. ती बातमी आली तेव्हा काकूंनी मला फोन केला आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

काकांना डिस्चार्ज मिळून ते परत त्याच बॅरकमध्ये गेले. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड हा आमच्याकडचा पहिला खरा कागद, मी त्याच्या सहा झेरॉक्स काढल्या, एक काकूंना पोस्टाने पाठवली. आता मेडिकल जामिनाचा अर्ज टाकता आला. त्यावर कोर्टाने जेलकडून ताजा रिपोर्ट मागवला. तोही आला, चार ओळींचा. शी चं ही केलं होतं आणि हर चं हिज. बाकी मजकूर तोच.